पोर्तुगीजांनी एवढंसं दमण कशाला धरून ठेवलं होतं? आणि दादरा-नगर हवेली पेशव्यांनी त्यांना विकली, हे खरं का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमचे साडू दर लग्नकार्यात पंगत उठेपर्यंत ऐकवतात.

पहिला भाग आधी उरकतो. नकाशात खंभातचं आखात बघा. तोंडाशी एका बाजूला दीव, दुसऱ्या बाजूला दमण. सुरतेकडे जाणाऱ्या गलबतांवर दोन्हीकडून नजर ठेवायची आणि पोर्तुगीज परवाना नसेल त्याला धरायचं, म्हणून १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. तेव्हा ते एकटं नव्हतं. वसई, चौलही त्यांचेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि दमण वर एकटंच लटकत राहिलं. पुढे पोट भरलं ते सीमेवर. माळव्याची अफू इंग्रजांचा कर चुकवून कराचीमार्गे दमणला यायची, तिथून चीनला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि ते दुकान बसलं. आज अफूच्या जागी दारू आहे, एवढाच फरक.

ही दारू मला चांगलीच महागात पडलीय. मी वापीत राहतो. दोन वर्षांमागे दिवाळीत साडू पुण्याहून आले, त्यांना हौसेने मोटी दमणच्या किल्ल्यात नेलं. तटाच्या आत अजून सरकारी कचेऱ्या आहेत. समोर दमणगंगा, पलीकडे नानी दमणचा किल्ला. ओहोटी होती, होड्या चिखलात एका कुशीवर पडलेल्या. मी म्हटलं, "भाऊ, मोठी जहाजं इथे शिरणार कशी, बघा." ते म्हणाले, "ते राहू द्या, दुकानं किती वाजता बंद होतात?"

परतताना नाक्यावर गाडी थांबवली. डिकीत फरसाणाच्या पिशवीखाली दोन बाटल्या निघाल्या. गुजरातेत दारूबंदी, परवाना कुणाकडेच नाही, आणि गाडी माझ्या नावावर. तीन तास बाकड्यावर बसलो. बायको फोनवर फोन करतेय, आणि हे गृहस्थ मला सांगतात, "पेशव्यांनी एका जहाजापायी नगर हवेली विकली, आणि तुम्ही दोन बाटल्यांचं घेऊन बसलात!"

तर ऐका. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणच्या बाजूचा वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल लावून दिला. त्यापोटी १७८३ पासून नगर हवेलीची गावं त्यांच्याकडे गेली. महसूल दिला, मुलूख नाही. आपल्याकडे सरंजाम देत तसं. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा-नगर हवेली सोडवली (त्यात आपले सुधीर फडकेही होते), तेव्हा पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं ते हाच तह नाचवत. मग त्याच्या मराठी मजकुराचा कीस पडला. १९६० च्या निकालात न्यायालय म्हणालं, यात सार्वभौमत्व दिल्याचं दिसत नाही, महसूलच दिलाय. पेशवे दप्तराची भाषा हेगमध्ये कामाला आली आणि आमच्या घरात तिची किंमत शून्य!

तुम्ही दमणला जाणार असाल तर किल्ला ओहोटीच्या वेळीच बघा, आणि निघताना सोबतच्या माणसाची पिशवी स्वतः उघडा. लाजू नका.

हां, एक राहिलं. जहाजाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. मराठी आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याच्या भरपाईशी हे प्रकरण जोडलेलं आहे. शिवाय त्याच निकालात असंही आहे की पुढे इंग्रजांनी तिथलं पोर्तुगीजांचं राज्य मान्यच केलं होतं, आणि दमणहून भारताच्या हद्दीतून तिथे खाजगी माणसं, मुलकी अधिकारी व माल ने-आण करायची वाटही पोर्तुगालला होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं-दारूगोळ्याला मात्र नव्हती. म्हणजे 'विकली' चूक, पण साडूंचं सगळंच चूक नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि पुतणीच्या लग्नातही सांगणार नाही.