‘मी’ कोणता वापरू, असं विचारलंस म्हणून

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल मिळाला. अर्धा मराठीत, अर्धा जपानीत, आणि शेवटी मागणी: ‘सेन्सेई, वाताशी, बोकु, ओरे, जिबुन, आनाता, किमी, ओमाए, हे सगळं कुठे आणि कुणापुढे वापरायचं याचा एक तक्ता करून द्याल का?’ पहिले चार म्हणजे ‘मी’, पुढचे तीन म्हणजे ‘तू’ किंवा ‘तुम्ही’.

नाही देणार. असे तक्ते पुण्यात पैशाला पासरी मिळतात. तुझ्या जुन्या वहीतही एक असणार, आणि तो पाठ करूनच तू नागोयाला गेलास. तरी क्लायंटकडच्या माणसाला तोंडावर ‘आनाता’ म्हणालासच. आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या नोमिकाईत, म्हणजे ऑफिसच्या पिण्याच्या बैठकीत, बिअर पोटात गेल्यावर, ‘ओरे’ तोंडातून फुटलं. सगळे हसले म्हणतोस. हसले ते बरं झालं. गप्प बसले असते तर मला जास्त काळजी वाटली असती.

मेलचे दोन्ही भाग मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मराठीत लिहिलंयस, ‘काल मीटिंगला उशिरा पोचलो. माफी मागितली. काचोसान, आमचे साहेब, काही बोलले नाहीत, पण समजलो.’ यात ‘मी’ एकदाही नाही, आणि वाचताना मला त्याची उणीवही भासली नाही. खाली जपानीत तीच हकिकत: ‘वाताशी वा ओकुरेमाशिता. वाताशी वा आयामारिमाशिता. वाताशी वा...’ प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी वाताशी. जपानी कानाला हे कसं लागतं सांगू? बाईंनी प्रश्न विचारायच्या आत ‘मी सांगू? मी सांगू?’ करत हात वर करणारं पोर वर्गात असतं ना, तसं.

ही सवय कुठली ते मला ठाऊक आहे. आपण जपानी शिकतो इंग्रजीच्या शिडीवरून. इंग्रजीला कर्ता लागतो, म्हणून आपण जपानीलाही तो चिकटवतो, आणि घरात जन्मापासून कर्ता गाळत आलोय हे विसरतो. तेव्हा तक्त्याऐवजी एकच गोष्ट सांगते, आणि या पत्रात ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: जिथे गाळता येतं, तिथे गाळ.

तू म्हणशील, मराठीत ‘पोचलो’मधल्या ‘लो’ने कळतं कोण ते. जपानी ‘इकिमाशिता’ म्हणजे गेलो, गेलीस, गेले, काहीही. बरोबर. क्रियापदाच्या शेवटी माणूस नसतो. पण म्हणून तो वाक्यातच नसतो असं नाही, तो दुसरीकडे बसलेला असतो. ‘कुरेमाशिता’ म्हटलं की दिलेली वस्तू माझ्याकडे किंवा माझ्या माणसांकडे आली. ‘आगेमाशिता’ म्हटलं की इकडून तिकडे गेली. येण्याजाण्याचं नम्र रूप ‘माइरिमासु’ म्हणणारा बहुधा स्वतःविषयीच बोलतो, आदरार्थी ‘इराश्शाइमासु’ स्वतःविषयी कुणी म्हणत नाही. ‘साबिशिइ देसु’ म्हणजे मला एकटं वाटतंय. दुसऱ्याबद्दल बोलायचं तर ‘साबिशिसो’ म्हणावं लागतं, कारण दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला फक्त दिसतं, कळत नाही. आणि ‘ओनामाए वा?’, म्हणजे ‘नाव काय?’, विचारताना त्या चिमुकल्या ‘ओ’मध्येच ‘आपलं’ येऊन गेलं. एवढी सोय असताना वर आणखी ‘आनाता नो’, म्हणजे ‘तुमचं’, कशाला?

आता त्या आनाताबद्दल. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात तो वाताशीच्या शेजारी येऊन बसतो, आणि पोरांना वाटतं, आपला ‘तुम्ही’ सापडला. तो ‘तुम्ही’ नाही. बायको नवऱ्याला म्हणते तेव्हा तो गोड असतो. जाहिरातीत किंवा छापील प्रश्नावलीत, जिथे वाचणारा कोण ते ठाऊकच नाही, तिथे चालतो. पण ज्याचं नाव आणि हुद्दा तुला माहीत आहे अशा माणसाला आनाता म्हणणं म्हणजे, नाव माहीत असून ते न घेणं. तुझ्या त्या क्लायंटचं व्हिजिटिंग कार्ड तू दोन्ही हातांनी घेतलंस, टेबलावर समोर मांडून ठेवलंस, आणि मग त्याला आनाता म्हणालास! कार्ड कशाला मांडतात मग?

हा ‘तुम्ही’ सर्वांना लागू करायचा प्रयत्न जपान्यांनी स्वतःही करून पाहिला. १९५२ साली तिथल्या कोकुगो शिंगिकाईने, म्हणजे राष्ट्रीय भाषा परिषदेने, नव्या काळात आदराची भाषा कशी असावी याच्या शिफारशी केल्या. स्वतःसाठी वाताशी हे प्रमाण रूप, औपचारिक प्रसंगी वाताकुशी. समोरच्यासाठी आनाता प्रमाण. बोकु हा विद्यार्थी मुलग्यांचा शब्द, नोकरीला लागल्यावर त्यांनी वाताशीवर यावं, आणि शाळांनी त्याकडे लक्ष द्यावं. काय झालं पुढे? वाताशी रुजला. बोकु म्हणणारे पन्नाशीचे पुरुष तुला रोज भेटत असतील. आणि आनाता साहेबापर्यंत कधी चढलाच नाही.

चढणार कसा? तिकडे समोरच्याला उद्देशायचे शब्द वापरून वापरून झिजतात. ‘किसामा’ची अक्षरं बघ, दोन्ही आदराची, पत्रांत मानाने लिहायचा शब्द होता तो, आज भांडणात शिवी म्हणून येतो. ‘ओमाए’ही एके काळी आदराचाच. ‘तेमाए’ तर नम्रपणे स्वतःसाठी वापरायचे. तो घसरत घसरत समोरच्यावर गेला आणि शिवीसारखा ‘तेमे’ होऊन बसला. आनाताचा मूळ अर्थ ‘पलीकडची बाजू’. थेट बोट नको म्हणून दिशा दाखवायची. आपल्या पणज्या नवऱ्याविषयी ‘इकडून येणं झालं’ म्हणायच्या, त्यातलीच ही रीत. पण रोजच्या वापराने ती दिशासुद्धा बोटासारखी टोचायला लागली.

मग समोरच्याला म्हणायचं काय? नाव. पद. नातं. तानाकासानशी बोलताना ‘तानाकासान वा आशिता इराश्शाइमासु का?’, म्हणजे ‘तानाकासान उद्या येणार का?’, असं त्यांनाच विचारायचं. सुझुकी ताकाओ नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी हे फार नीट मांडलंय: वरच्या माणसाला सर्वनामाने संबोधता येत नाही, तिथे पद किंवा नातं येतं, खालच्याला नात्याने हाक मारत नाहीत, तिथे नाव किंवा सर्वनाम चालतं. स्वतःविषयीही तेच. शिक्षक मुलांपुढे स्वतःला ‘सेन्सेई’ म्हणतो, बाप पोरापुढे स्वतःला ‘ओतोसान’, म्हणजे बाबा. यात परकं काही वाटू देऊ नकोस. तुझी आई तुला ‘आई रागावेल हं’ म्हणायचीच की.

समोरच्याच्या कंपनीसाठी बोलताना ‘ओन्शा’, लिहिताना ‘किशा’. हे मी वर्गात सांगितलं होतं. तरी मेलमध्ये ‘आनाता नो काइशा’ लिहितोस, त्याला काय करू?

बोकु की ओरे, या तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुझा सेनपाई, म्हणजे ऑफिसातला सीनिअर, म्हणाला, ‘वाताशी काताइ’, म्हणजे फार ताठ वाटतो. त्याचं खोटं नाही. तुझ्या वयाचे पुरुष आपसांत वाताशी फारसं म्हणत नाहीत. पण तोच सेनपाई दिवसभरात काय काय म्हणतो हे कान देऊन ऐकलंस का? क्लायंटपुढे वाताशी, काचोपुढे बोकु, जिन्यात मित्राच्या फोनवर ओरे. आणि त्याहून नीट ऐकलंस तर कळेल की बहुतेक वेळ तो यातलं काहीच म्हणत नाही. तुझे कान फक्त ‘कोणता’ टिपतात, ‘किती कमी’ टिपत नाहीत. ओरे म्हणजे जवळीक गृहीत धरणं. ती जवळीक अजून कुणी तुला देऊ केलेली नाही, आणि अ‍ॅनिमेतल्या नायकांनी तर नाहीच नाही. अगदीच गाळता येईना तर ऑफिसात वाताशी म्हण आणि निवांत राहा, मित्रांत बोकु. जिबुन नको. जुन्या लष्कराची आणि खेळाच्या क्लबांची ऐट आहे त्यात, शिवाय ओसाकाकडे जिबुन म्हणजे ‘तू’. गोंधळात भर कशाला?

मी हे इतकं ठासून सांगते, कारण माझं पोटच यावर चाललं. दुभाष्याला दुसऱ्याचा ‘मी’ बोलावा लागतो, ही या धंद्यातली गंमत वर्गात कुणी सांगत नाही. चाकणला एका कारखान्यात गेजवरून, म्हणजे मोजमापाच्या साधनावरून, बोलाचाली झाली. आपला ऑपरेटर, मान ताठ, म्हणाला, ‘साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना? मग मीच तपासला गेज.’ एका दमात तुम्हीच आणि मीच, दोन्ही ‘च’ खणखणीत. शब्दाला शब्द लावून ‘आनाता गा इत्ता’ म्हटलं असतं तर तो सरळ आरोप झाला असता, आणि वर वाताशी जोडला असता तर त्या पोराची शिरजोरी. मी म्हटलं, ‘कोजोचो गा ओश्शात्ता तोओरी, गेजी वा कोचिरा दे काकुनिन शिमाशिता.’ कोजोचोंनी, म्हणजे कारखानाप्रमुखांनी, सांगितल्याप्रमाणे गेज इकडे तपासला आहे. पदाने ‘तुम्ही’ सांगितलं, ‘कोचिरा’ने ‘मी’. कोजोचोंनी गेज हातात घेतला, रजिस्टर मागवलं, आणि चर्चा माणसांवरून मायक्रॉनवर गेली. ऑपरेटरचं म्हणणं त्यात पुरेपूर होतं. त्याच्या आवाजातली धार मात्र मी ठेवली नाही. ती ठेवायला हवी होती असं म्हणणारे दुभाषे आहेत, चांगले आहेत. मला ते पटत नाही. धार साहेबांना त्याच्या मानेवरून दिसत होतीच.

माझे जुने विद्यार्थी पाठीमागे म्हणतात, सेन्सेईंचं जपानी म्हणजे भाषणाचं जपानी. म्हणू देत.

पण तुझा मेल आल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, तीही सांगून टाकते. योकोहामाला माझी एक मैत्रीण आहे. माझ्याच वयाची, आणि आमची ओळख जुनी. एकदा स्टेशनवर निरोप घेताना ती म्हणाली, आता ते ‘सान’ सोड, नुसत्या नावाने हाक मार. तिकडे याला योबिसुते म्हणतात. मी हसून ‘हाइ’ म्हटलं आणि पुढच्याच वाक्यात नावाला ‘सान’ लावला. ती म्हणाली, ‘इतकी वर्षं तू मला सान म्हणतेस, नाहीतर काहीच म्हणत नाहीस. मी तुझी कोण, हे मला तुझ्या बोलण्यातून कळत नाही.’ आता तिच्याकडून वर्षाला एक नेंगाजो, म्हणजे नववर्षाचं शुभेच्छापत्र, येतं, छापील, खाली पेनाने दोन ओळी. त्या ओळी हल्ली फार सभ्य असतात.

चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहून आयुष्य काढलेल्या बाईच्या तोंडी नुसतं नाव येत नाही, ते येण्यासाठी जीभ वेगळी घडवावी लागली असती. शिवाय गाळणं म्हणजे प्रेम नसणं, हे तरी तिने कुठून काढलं? माझ्या आजीने आजोबांना कधी नावाने किंवा सर्वनामाने हाक मारली नाही. त्या ‘अहो’मध्ये काय कमी होतं? तिला मी हे लिहून कळवलं होतं. जपानीत ते नीट उतरलं नसावं. असो. मुद्दा तुझा आहे. तू पंचविशीचा आहेस, तुझी जीभ अजून वळते. उद्या कुणी जपानी मित्र आपणहून ‘ओरे-ओमाए’ची मैत्री देऊ करेल तेव्हा घे, माझा हवाला देऊन नाकारू नकोस. ‘ओरे-ओमाए नो नाका’ असा शब्दप्रयोगच आहे त्यांच्यात, म्हणजे अरेतुरेचं नातं. पण ती त्याने द्यायची. तोवर गाळ.

राहिला शेवटचा प्रश्न: काचोंनी घरी जेवायला बोलावलंय, त्यांच्या पत्नीला काय म्हणायचं? ‘ओकुसान’. एवढंच. त्या घरात लहान मूल आहे ना, मग ती नवऱ्याला ‘पापा’ म्हणेल, दचकू नकोस. तिथे सगळ्यांची नावं घरातल्या सर्वांत धाकट्याच्या जागेवरून ठरतात, त्यामुळे तूही जेवण वाढेपर्यंत ‘ओनीसान’, म्हणजे दादा, झालेला असशील. त्या छोट्याशी बोलताना मोठी माणसं ‘बोकु, इकुत्सु?’ विचारतात. म्हणजे त्याच्याच तोंडचा ‘मी’ उचलून त्याला ‘तू’ म्हणून लावायचा, आणि वय विचारायचं. ऐकायला फार गोड लागतं. तू मात्र त्या पोराचं नाव काचोंना आधीच विचारून ठेव, म्हणजे तेवढाही बोकु लागणार नाही.

तुझी,
सेन्सेई