साखर नॉर्मल आली म्हणून रिपोर्ट फाईलला लावून टाकू नकोस

परवा तू रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, काका सगळं नॉर्मल आहे, तरी दुपारी तीनला स्क्रीनसमोर डोळे मिटतात, मी आळशी झालोय बहुतेक. आळशी हा शब्द आधी डोक्यातून काढ. अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलंय मी, स्वतःला आळशी म्हणणारी तुझ्या वयाची खूप पोरं बघितलीत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं रिपोर्टवरच लिहिलेलं असायचं, फक्त दुसऱ्या ओळीत.

तुझी फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, ९४ आहे, ठीक. पण त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१२ आहे, जास्त, आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६, कमी. पॅन्ट दोन वर्षांत बत्तीसवरून छत्तीसवर गेली हे दिवाळीत तूच सांगितलंस. मानेच्या मागची कातडी काळपट, जाडसर झालीय, ती घासून जात नाही म्हणून आई ओरडते, तो मळ नाहीये रे. हे सगळं एकत्र दिसलं की मला पहिली शंका येते ती इन्सुलिन रेझिस्टन्सची. नक्की काय ते डॉक्टर सांगतील, पण शंका घ्यायलाच हवी.

म्हणजे काय होतं बघ. इन्सुलिन ही एक हाक आहे असं समज. जेवलास की रक्तात साखर येते, स्वादुपिंड हाक देतं, स्नायू आणि लिव्हर ती साखर उचलून ठेवतात. पूर्वी एका हाकेत काम व्हायचं, आता पेशींना ऐकू कमी येतं म्हणून त्याच कामाला दोन-तीन हाका माराव्या लागतात. काम होतं, साखर उचलली जाते, रिपोर्टवर ९४ छापून येतं, पण किती ओरडावं लागलं ते त्या आकड्यात कुठे दिसतं? बरीच वर्षं असं चालतं, मग कधीतरी घसा बसतो आणि साखर चढायला लागते. आपण तपासतो फक्त शेवटची पायरी.

आता तुझी दुपार. मेसचा भात, तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर गुलाबजाम, आणि लगेच खुर्ची. साखर उंच जाते, हाक उशिरा आणि जोरात येते, काही जणांना मग दोन-तीन तासांनी साखर झपकन उतरल्यासारखी होते, हातपाय गळतात, चिडचिड होते, बिस्कीट हवंसं वाटतं. दुसरं म्हणजे निरोगी स्नायू उपाशीपोटी चरबी जाळतो, जेवल्यावर साखरेकडे वळतो, रेल्वेचा सांधा बदलावा तसा. रेझिस्टन्स असला की तो सांधा जाम होतो, म्हणजे पोटावर चरबी साठलेली असून अंगात जोर नाही अशी अवस्था.

पण सगळा दोष त्यालाच देऊ नकोस हं. दुपारी थोडी झापड सगळ्यांनाच येते, ते शरीराचं घड्याळच आहे. तू रात्री दीडला झोपतोस, साडेसहाला उठतोस, आणि कमी झोपेने इन्सुलिनचं काम बिघडतं हे तर नीट तपासलेलं आहे. शाकाहारी आहेस, म्हणून बी१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा करून घे. थकव्याचं कारण एकच असतं असं नाही.

तू म्हणशील मी काही जाडा नाही. याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, पण मोजलं तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२! २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दोघांचा फोटो छापून आलाय. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास, आपली बाळं स्नायूला कमी पण चरबीला तेवढी कमी नाहीत. म्हणून आपल्या लोकांनी वजनकाट्यापेक्षा टेप बघावी, पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८०.

माझंच सांगतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःचंच सॅम्पल लावलं होतं, सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली तर वरचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, चरबीने दुधाळ, ट्रायग्लिसराइड ३४०. फास्टिंग ९७ बघितली आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचणारा माणूस मी. पाच वर्षांनी डायबेटीस निघाला. ती पाच वर्षं मला परत हवी आहेत, म्हणून तुला एवढं लांबलचक लिहितोय.

करायचं काय तर स्नायू वापर, बाकी सगळं त्याच्यानंतर. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची हाक न ऐकताही साखर आत घेतो, या आजारातली ही सगळ्यात चांगली बातमी आहे. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाल, जिना वापर, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर, जे जमेल ते, कारण मोठा स्नायू म्हणजे साखर ठेवायला मोठी कोठी. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ संपव, मग पोळी, भात शेवटी आणि थोडा. सकाळी नुसता चहा-खारी नको, मोड आलेली मटकी, अंडं चालत असेल तर अंडं, दही. उपासाला साबुदाणा हा उपास नाही, तो नुसता स्टार्च आहे. आणि ते ज्यूस बंद, फळ चावून खा.

मित्र मेटफॉर्मिन, ती डायबेटीसची गोळी, घेतो म्हणून तूही घेऊ का असं विचारलंस. डॉक्टरांनी दिली तर घे, स्वतःहून नाही. अमेरिकेत २००२ ला मोठी चाचणी झाली होती, डायबेटीसच्या उंबरठ्यावरच्या लोकांची, त्यात मेटफॉर्मिनने आजार ३१ टक्क्यांनी टळला आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन कमी करणाऱ्यांत ५८ टक्क्यांनी. फास्टिंग इन्सुलिनच्या टेस्टमागेही धावू नकोस, लॅबप्रमाणे आकडे बदलतात. त्यापेक्षा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, कर, ५.७ च्या पुढे गेलं की सावध, आणि डॉक्टर म्हणाले तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची टेस्ट.

तीन महिन्यांनी परत रक्त दे, त्याच लॅबमध्ये, बारा तास उपाशी, आदल्या रात्री पार्टी नको. आणि फोटो पूर्ण पानाचा पाठव, या वेळी खाली लिव्हरच्या ओळी कापल्या गेल्यात, मला एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, बघायचंय.