अर्थशास्त्राचे ‘नोबेल’ आणि मृत्युपत्रातले शब्द

प्रश्न : अर्थशास्त्राचे पारितोषिक हे खरे नोबेल नव्हेच, असे वाचनात आले, पण दरवर्षी त्याची घोषणा इतर नोबेल पारितोषिकांबरोबरच होते. यात तथ्य किती? शिवाय शांततेचे पारितोषिक स्वीडनऐवजी नॉर्वेत का दिले जाते?

उत्तर : आपण वाचलेत ते बरोबर आहे. आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये सही केलेल्या मृत्युपत्रात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता अशा पाचच क्षेत्रांचा उल्लेख आहे. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये आपल्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नोबेल यांच्या स्मरणार्थ अर्थशास्त्राचे पारितोषिक सुरू केले, आणि १९६९ मध्ये ते प्रथम राग्नार फ्रिश व यान टिनबर्गेन यांना विभागून देण्यात आले. त्याची रक्कम नोबेल यांच्या संपत्तीतून नव्हे, तर ही बँक देते. निवड मात्र भौतिक आणि रसायन या शास्त्रांची पारितोषिके ठरवणारी स्वीडिश विज्ञान अकादमीच करते, आणि समारंभही एकच असल्यामुळे लोकांच्या तोंडी ‘नोबेल’ हेच नाव रुळले.

माझ्या मते नावाच्या वादापेक्षा फ्रीड्रिख हायेक यांचा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. १९७४ मध्ये हे पारितोषिक स्वीकारतानाच्या मेजवानीत ते म्हणाले की, आपला सल्ला घेतला असता तर आपण ते सुरू करण्यास ठाम विरोध केला असता, कारण अर्थशास्त्रात कोणाही एका व्यक्तीला लाभू नये एवढा अधिकार त्यामुळे तिला प्राप्त होतो. (पारितोषिक त्यांनी स्वीकारले, हेही खरे!)

शांततेच्या पारितोषिकाची निवड नॉर्वेच्या संसदेने नेमलेल्या पाच जणांच्या समितीने करावी, असे मृत्युपत्रातच आहे. त्या वेळी स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाच्या छत्राखाली होते; नॉर्वेच का, याचे कारण नोबेल यांनी लिहून ठेवलेले नाही.

प्रश्न : शोध लागल्यानंतर पारितोषिक मिळेपर्यंत कित्येक दशके का उलटतात?

उत्तर : मृत्युपत्राप्रमाणे पाहिले तर असे व्हायलाच नको, कारण ‘मागील वर्षात’ मानवजातीचे सर्वाधिक हित साधणाऱ्यांचा गौरव व्हावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु घाईची किंमत लवकरच कळली. एका कृमीमुळे उंदरांना कर्करोग होतो, या निष्कर्षासाठी योहानेस फिबिगर यांना १९२६ चे वैद्यकाचे पारितोषिक मिळाले आणि पुढे तो निष्कर्षच चुकीचा ठरला. याउलट कोंबड्यांमधील कर्करोगाची गाठ विषाणूमुळे होते, हे १९११ मध्ये दाखवून देणाऱ्या पेटन राऊस यांचा गौरव १९६६ मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी झाला.

राऊस दीर्घायुषी होते म्हणून हे जमले. मृत व्यक्तीची निवड करता येत नाही आणि एका पारितोषिकाचे मानकरी तिघांपेक्षा अधिक असू शकत नाहीत (शांततेचे पारितोषिक संस्थेलाही मिळू शकते, ही गोष्ट वेगळी). मूलकणांना वस्तुमान कसे मिळते, याचा १९६४ मध्ये फ्रान्स्वा आंग्लेर यांच्यासह उलगडा करणारे रॉबर्ट ब्राऊ २०११ मध्ये निवर्तले. आंग्लेर आणि पीटर हिग्ज यांना त्याच कार्यासाठी पारितोषिक मिळाले ते २०१३ मध्ये.