तारीख लिही, मगच पुढे ढकल

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. साथीमुळे नियोजित शस्त्रक्रिया बंद, तुझी ड्यूटी कोविड वॉर्डात आणि ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियांच्या, यादीवर 'नंतर कळवू' असा शेरा. त्या यादीचं काय करू, असं विचारतोस. विचारलंस हे बरं केलंस, पण 'परिस्थितीच तशी आहे' हे वाक्य मला परत लिहू नकोस.

'नंतर' ही तारीख नव्हे. पुढे ढकलावं लागतं, मान्य. पण प्रत्येक नावासमोर पुन्हा तपासायची तारीख हवी.

खुब्याचं फ्रॅक्चर त्या यादीत येतच नाही. म्हातारं माणूस झोपून राहिलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात. 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. 2020 साली 24 देशांतल्या 1,128 कोविडबाधित शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास आला, तीस दिवसांतले मृत्यू 23.8 टक्के. तो आकडा टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रिया थांबवायला सांगतो, खुबा लांबवायला नव्हे.

जमेल तिथे स्पायनल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल, घे, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही. सॉ (करवत), रीमर (हाड आतून कोरायचं यंत्र), कॉटरी (जाळून रक्त थांबवायचं साधन) यांनी कण हवेत उडतात, म्हणून ती कमीत कमी आणि सक्शन अगदी जवळ. पॉझिटिव्ह प्रेशरच्या, म्हणजे आत हवेचा दाब जास्त ठेवलेल्या, ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं की आतली हवा बाहेर जाते. म्हणून एक्स-रेवर माप आधीच काढ, प्लेट आणि स्क्रूच्या पुढच्या-मागच्या साइझही आत घेऊन ठेव, म्हणजे मध्येच दार उघडावं लागणार नाही. नळी घालावीच लागली, तर तासाला पंधरा वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत हवेतले 99.9 टक्के कण निघायला 28 मिनिटं लागतात. ती वेळ फळ्यावर लिही. तिथेही घड्याळच, बघ.

आता यादी. कोपराच्या फ्रॅक्चरला के-वायर (हाड धरून ठेवणारी बारीक तार) घातलेली मुलं सर्वांत आधी: तीन-चार आठवड्यांनी वायर निघायलाच हवी, नाहीतर वायरीभोवती पू होतो. वाढीच्या पट्टीतून, म्हणजे मुलांचं हाड जिथून वाढतं तिथून, मोडलेलं हाड आठ-दहा दिवसांनंतर ओढून बसवायला जाऊ नकोस, पट्टीच दुखावते. वाकड्या पावलाच्या बाळाचं प्लास्टर साधारण दर आठवड्याला बदलायचं असतं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला तरुण रुग्ण गोळा चेपण्याआधीच बघितला, तर ड्रिल करून दाब कमी करण्याचा उपयोग. एकदा चेपला की बहुधा सांधेरोपणच. झिजलेला गुडघा थांबू शकतो, पण वाकडेपणा वाढत गेला तर हाड झिजून पुढचं ऑपरेशन अवघड होतं. त्यालाही तारीख. कोविड होऊन गेलेल्याला शक्य असेल तर 2021 च्या सल्ल्याप्रमाणे सात आठवडे थांबव. सात म्हणजे सात, 'बरं वाटेपर्यंत' नव्हे.

तारखांच्या या हट्टाला लोक कारकुनी म्हणतात. म्हणोत. तारीख नसलेला माणूस यादीतून हळूच गळतो आणि गळल्याचं कुणाला कळतही नाही. हे ओरडून सांगायला मी उशीर केला, याची खंत आहे. म्हणूनच आता गप्प बसत नाही.

हातात सर्जरी नाही म्हणून शिकणं थांबलं, असं तू लिहिलंस. यादीतल्यांना फोन कर, तेही शिकणंच आहे. किती चालता येतं, रात्री दुखण्याने जाग येते का, दुखण्यावर किती गोळ्या लागतात, हे विचार. पाठीच्या रुग्णाला मात्र लघवी अडते का, बैठकीची जागा बधिर झाली आहे का, हे आधी विचार. 'हो' म्हणाला, तर तारीखबिरीख नाही, त्याच दिवशी बोलाव.

उद्या सकाळी वायर असलेल्या मुलांपासून सुरुवात कर. संध्याकाळी मला यादी पाठव, तारखांसकट.