‘विल’, ‘गोइंग टू’ आणि उद्याची चांगली वाक्यं

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी सातवीत, शाळा मराठी माध्यमाची. रोज रात्री दोघी मिळून उद्याच्या दिवसाबद्दल चार चांगली वाक्यं इंग्रजीत लिहितात. हेतू दुहेरी आहे: झोपताना मन प्रसन्न राहावं आणि इंग्रजीतला भविष्यकाळही पक्का व्हावा. आई प्रत्येक वाक्य ‘आय विल’ने सुरू करायला सांगते, कारण त्यात निर्धार आहे, ‘विल पॉवर’मधलाच तो ‘विल’. मामाचं म्हणणं, बोलताना सगळे ‘गोइंग टू’च म्हणतात, ‘विल’ पुस्तकी आहे. त्यात कुणीतरी असंही सांगितलं की सकारात्मक वाक्यं नेहमी वर्तमानकाळात लिहावीत, ‘आय ॲम हॅपी’. मग बरोबर काय? आणि रोजच्या वापरातले शब्द यातून खरंच वाढतील का?

उपक्रम मला मनापासून आवडला. पाठ्यपुस्तकातला भविष्यकाळ कुणाच्याच आयुष्यातला नसतो. राम आंबा खाईल, सीता गाणं म्हणेल, आणि वाक्य तिथेच संपतं. इथे वाक्य स्वतःच्या उद्याबद्दल आहे, म्हणून कोणतं रूप वापरायचं याला अर्थ येतो.

सुरुवातीला एक गोष्ट लक्षात घ्यायची. भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्यय इंग्रजीत नाहीच. आपण ‘कर’ला -ईन, -शील, -ईल लावतो आणि मोकळे होतो. इंग्रजीने हे काम दुसऱ्या क्रियापदांकडून करून घेतलं. ‘विल’चा जुना अर्थ इच्छा असणं. ‘शॅल’चा जुना अर्थ देणं लागणं, बांधील असणं. ‘गोइंग टू’ तर सरळसरळ चालत जाणं. काळाच्या ओघात तिन्ही भविष्य दाखवू लागली, पण जुना अर्थ अजून पूर्ण पुसलेला नाही.

त्यामुळे आईंचा कान चुकलेला नाही. ‘विल पॉवर’मधला ‘विल’, मृत्युपत्राला आपण म्हणतो ते ‘विल’ आणि ‘आय विल’मधला ‘विल’ एकाच कुळातले आहेत. अँग्लिकन चर्चमधल्या विवाहविधीत ‘हिला पत्नी म्हणून स्वीकारशील का’ या प्रश्नाला ‘आय विल’ असं उत्तर देतात, तेव्हा तो भविष्यकाळ नसतो. ‘माझी इच्छा आहे, मान्य आहे’ अशी ती संमती असते. ‘वोन्ट’मध्ये तर हा जुना अर्थ आजही टवटवीत आहे. ‘द डोअर वोन्ट ओपन’ म्हणजे दार उद्या उघडणार नाही असं नव्हे, दार आत्ता उघडत नाहीये, जणू त्याची तयारी नाही. मराठीत यासाठी किती नेमकं रूप आहे बघा: दार उघडेना, गाडी सुरू होईना, पोर जेवेना. ‘ही वोन्ट लिसन’ म्हणजे ‘तो काही ऐकेना’.

पण निर्धार दाखवायचा तर ‘विल’ पूर्ण आणि जोर देऊन म्हणावं लागतं. बोलताना त्याचं ‘आय’ल’ झालं की निर्धार गळून पडतो. उरतं ते आश्वासन, नाहीतर तिथल्या तिथे घेतलेला निर्णय. तेव्हा चारही वाक्यं ‘आय विल’ने लिहिल्यामुळे निर्धार चौपट होत नाही. वाचणाऱ्याला ती बहुधा आश्वासनांची यादी वाटते.

आता मामाचं म्हणणं. ते निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही, कारण हा फरक आपण दिवसभर करत असतो. ‘करीन’ आणि ‘करणार आहे’ यांत जे अंतर, साधारण तेच ‘विल’ आणि ‘गोइंग टू’त. आभाळ भरून आलंय, वारा सुटलाय, तर कोणी ‘पाऊस पडेल’ म्हणत नाही, ‘पाऊस पडणार’ म्हणतो: ‘इट्स गोइंग टू रेन’. खूण डोळ्यांसमोर आहे. पण घरात बसून नुसता अंदाज करायचा तर ‘यंदा पाऊस चांगला होईल’: ‘वी विल हॅव अ गुड मॉन्सून’. माणसाच्या बेताचंही तसंच. ‘बघू, शिकेन कधीतरी पोहायला’ आणि ‘मी मे महिन्यात पोहायला शिकणार आहे’ यांत दुसऱ्या वाक्यातला निर्णय आधीच झालेला आहे. हे -णार मुळात ‘करणारा’, ‘जाणारा’ यांतलंच; ‘मी करणार आहे’ म्हणजे ते काम करणारी व्यक्ती मीच. रात्री वहीत जे लिहायचं ते ठरवूनच लिहायचं असल्यामुळे बहुतेक वाक्यांना ‘गोइंग टू’ शोभेल. ‘विल’ पुस्तकी आहे हे मात्र खरं नाही. इंग्रजी बोलणारा माणूस दिवसातून असंख्य वेळा ‘आय’ल’ म्हणतो, फक्त वेगळ्या जागी.

ती वेगळी जागाच मराठी माणसाला सर्वांत जास्त चकवते. दाराची घंटा वाजली की आपण म्हणतो, ‘थांब, मी उघडते.’ रूप वर्तमानकाळाचं, काम अजून व्हायचंय. ‘उद्या सांगतो’, ‘देते करून’, ‘मी बघतो काय ते’, ‘पोचलो की फोन करते’, सगळीकडे आपला साधा वर्तमानकाळ पुढचं काम अंगावर घेतो. मग इंग्रजीतही ‘आय ओपन द डोअर’, ‘आय टेल यू टुमॉरो’ असं तोंडातून निघतं. इथे ‘आय’ल’च हवं: ‘आय’ल गेट इट’, ‘आय’ल टेल यू टुमॉरो’. मराठीत ‘मी करते’ म्हणून काम अंगावर घेतलं की इंग्रजीत ‘आय’ल’ म्हणायचं, एवढी एक खूण मुलीला दिलीत तर ‘विल’चा निम्मा वापर तिला आपोआप येईल. विचारून करायचं असेल तर ‘शॅल’: ‘खिडकी उघडू का?’ म्हणजे ‘शॅल आय ओपन द विंडो?’ आणि ‘निघूया का?’ म्हणजे ‘शॅल वी गो?’. मराठीतलं ‘-ऊ का’ इथे अगदी चपखल बसतं.

ठरलेल्या भेटीगाठींना मात्र ‘गोइंग टू’सुद्धा लागत नाही. ‘शनिवारी मावशीकडे जातोय’ हे मराठीत जसं, तसंच इंग्रजीत: ‘वी आर व्हिजिटिंग माय आंट ऑन सॅटर्डे’. मावशीला कळवलंय, गाडीचं तिकीट काढलंय, मग नुसतं ‘-इंग’ पुरतं.

‘शॅल’ आणि ‘विल’चा जुना नियम आजी-आजोबांच्या पिढीने घोकलेला असतो: ‘आय’ आणि ‘वी’सोबत ‘शॅल’, बाकी सगळ्यांसोबत ‘विल’, आणि निर्धार दाखवायचा असेल तर उलट. हा नियम इंग्रज गणिती जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात आहे. अनंताचं चिन्ह गणितात आणणारे ते हेच. रोजच्या बोलण्याने हा नियम कधीच पूर्ण पाळला नाही, पण भारदस्त इंग्रजीत तो दिसतो. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्री संविधान सभेत नेहरूंनी केलेलं भाषण घ्या. ‘वी शॅल रिडीम अवर प्लेज’, असं ते स्वतःसकट सगळ्यांबद्दल म्हणतात. लगेच पुढच्या वाक्यात ‘इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम’. वी-शॅल, इंडिया-विल, तंतोतंत नियमाप्रमाणे. टिळकांच्या ‘तो मी मिळवणारच’चं प्रचलित इंग्रजी रूप मात्र ‘आय शॅल हॅव इट’ असं आहे. नियमाप्रमाणे तिथे निर्धाराचा ‘विल’ हवा होता, तरी त्या वाक्याचा निर्धार कुणाला कधी कमी वाटलेला नाही. आपल्या ‘च’चं काम इंग्रजी आवाजाच्या जोराने करतं, शब्द कुठला निवडला याने कमी.

नेहरूंच्या त्याच वाक्यात आणखी एक जागा आहे, ती मुलीला जरूर दाखवा. ‘व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक.’ जग झोपलेलं असेल तेही पुढेच, तरी तिथे ‘विल स्लीप’ नाही. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘अँटिल’ यांच्या पोटवाक्यात इंग्रजी भविष्य दाखवत नाही. आपण ‘तो येईल तेव्हा सांगेन’वरून ‘व्हेन ही विल कम’ करतो. पण मराठीतच दुसरी वाट आहे: ‘तो आला की सांगेन’, ‘पाऊस आला तर थांबू’. मराठीत ‘आला की’, ‘आला तर’ बसत असेल तर इंग्रजीत त्या तुकड्यात ‘विल’ नाही: ‘व्हेन ही कम्स, आय’ल टेल हिम’.

आता ‘आय ॲम हॅपी’चा मुद्दा. अशा वाक्यांतलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांचं आहे. रोज झोपताना आणि उठताना ते पुन्हा पुन्हा म्हणायला ते लोकांना सांगत. इंग्रजीत ते असं रूढ झालं: ‘एव्हरी डे, इन एव्हरी वे, आय ॲम गेटिंग बेटर अँड बेटर.’ यात ‘विल’ नाही आणि नुसतं ‘ॲम’ही नाही. मधला शब्द ‘गेटिंग’ आहे. गणिताची भीती वाटणाऱ्या मुलीने ‘आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ मॅथ्स’ लिहिलं तर तिला स्वतःलाच ते खोटं वाटेल. ‘आय विल नॉट बी अफ्रेड’ लिहिलं तर भीती उद्यावर ढकलली जाते. ‘आय ॲम गेटिंग लेस अफ्रेड’, म्हणजे ‘भीती कमी होतेय’, हे खरंही आहे आणि आशेचंही. ‘गेट’ची ही जोडणी मला इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी जोडण्यांपैकी एक वाटते: गेटिंग फास्टर, गेटिंग स्ट्राँगर, गेटिंग युज्ड टू इट. शेवटची म्हणजे ‘सवय होतेय’. नवीन शाळेत गेलेल्या मुलाला हे वाक्य फार लागतं.

शब्दांच्या बाबतीत माझा आग्रह एकच: वहीत ‘सक्सेस’, ‘अचीव्ह’, ‘ड्रीम’ कमी आणि उद्याची खरी कामं जास्त. मोठे शब्द कुठूनही मिळतात, घरातलेच अडतात. आपलं एक ‘लावणे’ घ्या. गजर लावणे म्हणजे ‘सेट ॲन अलार्म’, दिवा लावणे ‘स्विच ऑन द लाइट’, देवापुढचा दिवा असेल तर ‘लाइट द लॅम्प’, दार लावणे ‘शट द डोअर’, रोप लावणे ‘प्लांट’, कुकर लावणे ‘पुट द कुकर ऑन’, मलम लावणे ‘अप्लाय’. मराठीत एक क्रियापद, इंग्रजीत प्रत्येक वस्तूचं आपलं वेगळं. ‘घालणे’चं असंच: कपड्यांच्या घड्या घालणे ‘फोल्ड’, वाळत घालणे ‘हँग आउट’, मटकी भिजत घालणे ‘सोक’, आणि तिला मोड आले की ‘स्प्राउट’. शब्द सुटे पाठ केले तर ते अंगवळणी पडत नाहीत. क्रियापद आणि वस्तू यांची जोडी लिहायची. दप्तर भरणे ‘पॅक माय बॅग’, कविता पाठ करणे ‘लर्न द पोएम बाय हार्ट’, धड्याची उजळणी ‘गो ओव्हर द लेसन’. लिहिलेलं काम दुसऱ्या दिवशी झालं की ते वाक्य भूतकाळात फिरवायचं, ‘आय पॅक्ट माय बॅग’, म्हणजे एकाच वाक्यावर दोन काळ होतात आणि झालेल्या कामाचं समाधानही लिहून होतं.

तुमच्या प्रश्नात नमुन्याला दिलेली चार वाक्यं सगळी ‘आय विल’ची होती: लवकर उठेन, कविता पाठ करेन, मैत्रिणीला मदत करेन, आनंदी राहीन. मी ती अशी लिहीन. ‘आय ॲम गोइंग टू गेट अप ॲट सिक्स’, कारण ते ठरलंय. सोबत ‘लवकर’ऐवजी नेमकी वेळ. ‘आय ॲम गोइंग टू लर्न द फर्स्ट टू स्टँझाज बाय हार्ट’, कारण अख्खी कविता एका दिवसात होणार नाही हे तिलाही माहीत आहे. ‘इफ माय फ्रेंड गेट्स स्टक इन मॅथ्स, आय’ल हेल्प हर’, इथे ‘विल’ आपल्या हक्काच्या जागी आलं आणि ‘इफ’च्या तुकड्यात आलं नाही. चौथ्यात ‘हॅपी’ काढून ज्या गोष्टीने तिला आनंद होतो ती लिहायला सांगा. शाळेतून आल्यावर ती सायकल शिकते असं तुम्ही लिहिलंय, मग ‘आय ॲम गेटिंग बेटर ॲट सायकलिंग’. आणि परीक्षा तोंडावर आल्या की पाचवं एक वाक्य घालता येईल: ‘बाय दिवाळी आय विल हॅव फिनिश्ड द होल बुक’, दिवाळीपर्यंत माझं सगळं पुस्तक वाचून झालेलं असेल.