'प्रमुख पतंग' नाही, आणि कॅम्पा म्हणजे अळी

विचारलंय असं, की कॅनडापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत सापडणाऱ्या हेटेरोकॅम्पा या प्रजातीच्या पतंगांना एका मराठी मजकुरात 'प्रमुख पतंग' म्हटलंय, ते बरोबर का, आणि हेटेरोकॅम्पाचा अर्थ काय.

बरोबर नाही. हे 'प्रमुख' मी इतक्या वेळा वाचलंय की आता राग येतो. इंग्रजीत यांना प्रॉमिनंट म्हणतात, त्याचंच हे भाषांतर, पण प्रॉमिनंट इथे जुन्या लॅटिन अर्थाने आहे, बाहेर आलेलं, उचललेलं. या कुलातले बरेच पतंग खोडावर पंख कौलारू छपरासारखे मिटून बसले की पुढच्या पंखाच्या आतल्या कडेचा केसांचा झुबका पाठीवर वर येतो, बाजूने बघितलं तर बैलाचं वशिंड. कुलाचं नाव पण तेच सांगतं, नोटोडोंटिडी, नोटोन म्हणजे पाठ आणि ओदोन्त म्हणजे दात, आणि हा ओदोन्त म्हणजे आपल्या दन्ताचा सख्खा भाऊ. मी तरी यांना वशिंडी पतंगच म्हणतो.

खरी मजा कॅम्पामध्ये आहे. ग्रीकमध्ये काम्पे म्हणजे अळी. आणि ऋग्वेदात, 5.54.6 मध्ये, मरुतांना म्हटलंय, 'मोषथा वृक्षं कपनेव', कपना जशी झाड लुटते तसे तुम्ही लुटता. कपना म्हणजे अळी! मरुत म्हणजे वादळाचे देव, झाड ओरबाडून नेणारे, आणि उपमा कुणाची तर पानं फस्त करणाऱ्या अळीची. आता याच प्रजातीतली हेटेरोकॅम्पा गुट्टिविट्टा ही जात बघा, अमेरिकेच्या ईशान्य भागात हिची संख्या वाढली की शुगर मेपल आणि बीचच्या झाडांवर पानं शिल्लक राहत नाहीत, कोवळी अळी पान खरवडते आणि मोठी झाली की मधली शीर तेवढी सोडते. ऋषीने जे बघितलं तेच.

यास्काने, वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या पंडिताने, आपल्या निरुक्त ग्रंथात कपनाचा संबंध 'कम्पन'शी लावलाय, थरथरणारे कृमी. यास्काबद्दल आदर आहे पण हे मला अजिबात पटत नाही. हातावर अळी घेऊन बघा, ती थरथरत नाही, वाकते, कमान करते, परत सरळ होते, आणि ग्रीकमध्ये काम्प्तो म्हणजे वाकवणं. दुसरीकडे आजकालचे काही भाषावाले म्हणतात की काम्पेत 'म' आहे, कपनात नाही, म्हणून नातं संशयास्पद. अहो, नम् चं नत होतं, गम् चं गत होतं, तिथे 'म' कुठे गेला? लॅटिन सेंटुम आणि आपलं शत, तिथे पण अनुनासिक गेलंच ना. संस्कृतात हे जागोजागी होतं आणि नेमकं अळीच्या बाबतीत तुम्ही अडून बसता, हा आळस आहे, दुसरं काही नाही. माझ्या मते काम्पे आणि कपना एकाच घरच्या आणि मूळ अर्थ वाकणारी.

हेटेरोस म्हणजे दोघांतला दुसरा, वेगळा. त्यातला तेरोस आणि आपल्या 'इतर', 'अन्यतर' मधला तर एकच प्रत्यय. म्हणजे हेटेरोकॅम्पाला शब्दशः 'इतर-कपना' म्हणता येईल आणि हे मला फार आवडतं. 1841 मध्ये डबलडे या कीटकतज्ज्ञाने नाव दिलं. यातल्या काही जातींची अंड्यातून नुकतीच निघालेली अळी बघितली की नाव किती शोभतं ते कळतं, डोक्यामागे हरणासारखी फाटे फुटलेली शिंगं, आणि पहिली कात टाकली की ती गायब! तीच अळी, पण दुसरीच दिसते.

आणि कृपा करून गुट्टिविट्टाच्या अळीला सुरवंट म्हणू नका. सुरवंटाला केस असतात, अंगाला लागले तर खाज सुटते. ही गुळगुळीत, हिरवट, पाठीवर लालसर तपकिरी डाग, त्यावरूनच इंग्रजीत सॅडल्ड म्हणतात, आपल्याकडे खोगीर हा शब्द तयारच आहे. लॅटिनमध्ये गुट्टा म्हणजे थेंब, विट्टा म्हणजे पट्टी. तेव्हा त्या मजकुरात 'प्रमुख' खोडून 'वशिंडी पतंग' लिहा, गुट्टिविट्टाला 'खोगीरपाठी वशिंडी पतंग', आणि अळीला अळीच म्हणा.