मुरघासासाठी (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) मक्यात चवळी पेरली तर चालते का?

चालते, आणि गाई दुधाच्या असतील तर कराच. नुसत्या मक्याच्या मुरघासात ऊर्जा भरपूर असते पण प्रोटीन ८-९ टक्क्यांच्या आसपासच, चवळीत त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे पेंडीचा खर्च थोडा तरी कमी होतो.

पण बी एकत्र कालवून फेकू नका, ओळीत पेरा, मक्याच्या २ किंवा ३ ओळी आणि चवळीची १. मका आफ्रिकन टॉल घ्या, राहुरी कृषी विद्यापीठाचीच जात आहे. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मक्यात सवयीने अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारतात ते इथे अजिबात नको, चवळी सगळी जळून जाईल.

कापणी मक्याकडे बघून करायची, दाणा चिकातून पुढे जाऊन घट्ट व्हायला लागला की, साधारण ७५-८५ दिवसांत. कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, मुठीत आवळून बघा, पाणी गळलं तर अजून ओली आहे, अर्धा दिवस सुकू द्या. चवळी एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको कारण द्विदलात साखर कमी असते आणि आम्लता लवकर तयार होत नाही, मग मुरघास आंबट वासाचा न होता कुजका होतो. चवळी जास्तच झाली तर टनाला १०-२० किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडा. कुट्टी २-३ सेंटीमीटरची, मुरघासाच्या बॅगेत हवा राहणार नाही अशी दाबून भरायची, दाबण्यात कंजुषी नको, आणि ४५ दिवस बॅग उघडायची नाही.